ताकातला चुना

माझ्या चुलतीवर अन्याय झाला. गेल्या चैत्री पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, येरमाळ्याच्या जत्रेत, लोक प्रथेप्रमाणं देवीसाठी रानातून चुनखडी वेचून परतत होते तेव्हा, भर दुपारी. तिचा ताकाचा रांजण फोडला आणि तिची चिंचेखालची जागा शेजारच्या सरबतवाल्यानं लाटली.

काकू दर जत्रेला तिथं बसते. चैत्राच्या उन्हात जत्रेकऱ्यांची पोटं बिघडतात, म्हणून ताकात डाळिंबाच्या सालीचा काढा घालते. असं ताक देताना रवी फिरवत राहावं लागतं. त्या दिवशी ती आडावर पाणी आणायला गेली आणि मागं ताक निवळलं. रांजण तळाला आला होता. परतल्यावर घाईत न ढवळताच तिनं एका फेटेवाल्याला लोटा भरून दिला. त्यानं पिऊन तळ बघितला. पांढऱ्या गोळ्या!

"ह्ये काय गं बाई?"

"काय न्हाय, सालीनं धरलंय ताकाला."

"साल डाळिंबाची आन् गोळ्या पांढऱ्या व्हय? आरं, देवीची चुनखडी कुटून इकती ही!"

सरबतवाला टपूनच होता. "म्या तर कवाचं म्हणतोय, एवढं घट्ट ताक हिला येतं कुठनं!"

त्या दिवशी टोपलीत चुनखडी, पदरात चुनखडी. पांढरं दिसलं की चुनाच. दुसऱ्या कुठल्या गावी हा आरोप कुणाला सुचलाही नसता.

मी पलीकडं एका सभेची पत्रकं वाटत होतो. धावत आलो तोवर लोकांनी रांजण फोडलेला. खापरीत राहिलेली गोळी मी बोटात चोळली. मऊ. सरबताच्या गाडीवरचं लिंबू उचलून तिच्यावर पिळलं. काही झालं नाही. मग एका बाईच्या टोपलीतल्या चुनखडीवर पिळलं. फसफसली.

"बघा की!"

"लिंबू पिळून कोरट चालतं व्हय?" फेटेवाला म्हणाला. "जा, पत्रकं वाट." लोक हसले आणि पांगले. सरबतवाल्यानं आपली गाडी चिंचेखाली ओढली.

चहात दूध पडलं की त्याचा तुरटपणा मरतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. इथंही तेच. सालीतला तुरट अंश ताकातल्या प्रथिनांना धरतो, त्यांच्या गोळ्या होतात, गोळ्या खाली बसतात. यात चुना कुठं आला? निजाम गेला, पण चौकशीआधी शिक्षा करायची खोड काही गेली नाही.

काकू खापऱ्या गोळा करत होती. मी तावातावानं बोलत होतो. ती म्हणाली, "भाषण मागनं कर बाबा. म्होरल्या साली मी बसू कुठं, तेवढं सांग."

ते माझ्या एकट्याच्या हातात नाही. तुमच्या आहे. येत्या चैत्रात येरमाळ्याला याल, तेव्हा चिंचेखाली सरबताच्या गाडीपुढं उभे राहा आणि ही जागा ताकवालीची आहे, असं चारचौघांत मोठ्यानं म्हणा. गाडी हलवायला लावा. काकूला तिथं बसवा. आणि लोट्याच्या तळाशी पांढरं दिसलं, तर ओरडायच्या आधी ते बोटात चोळून बघा.