मावशीने केलेली सावली

त्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला. पक्षाघातानंतर ते फोन कधी करत नसत. म्हणाले, "शालू, लवकर ये. तुजी मावशी उठंना झालीय." मी पोहोचले तेव्हा आतून कडी होती. शेजाऱ्यांनी दार तोडलं. मावशी काकांच्या कॉटशेजारी खाली गादीवर होती, आणि काका कॉटच्या कडेवरून हात खाली सोडून पडले होते. तो हात तिच्यापर्यंत पोहोचत नव्हता... महिना होऊन गेला, तरी मला कुठे स्वस्थ बसवत नाही.

सुमनमावशी मूळची केम गावची, लग्नानंतर सोलापूरची झाली. काका अंथरुणाला खिळल्यावर घरी लोखंडी कॉट आली आणि ती पश्चिमेच्या खिडकीशी लावली, कारण त्यांना रस्ता बघायचा असे. उन्हाळा लागला तसं दुपारनंतर ऊन थेट त्यांच्या तोंडावर यायला लागलं. पडदा लावला की ते मान फिरवून भिंतीकडे बघत राहत, जेवतसुद्धा नसत. खिडकीवर पत्रा ठोकावा, तर तो तापतो म्हणून तिला नको होता. लाकडी आडोशासाठी सुताराला बोलावलं, तर एवढ्याशा कामाला तो आज येतो, उद्या येतो करत राहिला. वाट बघणं तिच्या स्वभावात नव्हतं. एका दुपारी मी गेले तर ही सत्तरीला टेकलेली बाई अंगणात करवत घेऊन बसलेली, आणि समोर तिच्या लग्नातला सागवानी पलंग उलटा पाडलेला.

मी म्हटलं, "मावशी, अगं हे काय?"

"छपरी करतेय खिडकीला. धर हे टोक."

आतून काकांचा आवाज आला, "पलंग मोडलास व्हय?"

"तुमी न्हाई तितं, तर मी एकटीनं काय लोळायचंय त्याच्यावर?" ती म्हणाली आणि करवत चालवत राहिली. मी टोक धरलं, पण मला तिच्याकडे बघवेना.

पहिली छपरी तिने सलग फळ्या ठोकून, चांगली खाली उतरती केली. शेजाऱ्यांचं ड्रिल आणून आम्ही ती बसवली. ऊन अडलं, पण रस्ताही अडला. काका म्हणाले, "आता आभाळच उरलं न्हाई मला." ती परत स्टुलावर चढली. मी चिडले, म्हटलं राहू दे दोन दिवस. "दोन दिवस त्यांनी काय बघायचं?" एवढंच म्हणाली. सगळं उतरवून तिने फळ्या चिरल्या, अरुंद पट्ट्या केल्या आणि मध्ये फटी ठेवून तिरप्या बसवल्या. एक पट्टी ठोकायची, आत जायचं, काकांच्या उशीवर डोकं टेकून बघायचं, परत बाहेर. तिच्या छातीत तेव्हापासूनच दुखत होतं, असं काका आता सांगतात. मला ती म्हणाली होती, हात भरून आलेत... बस, एवढंच. शेवटी ऊन अडलं आणि फटींतून रस्ता दिसू लागला. काकांनी मोटारसायकलवरून चाललेल्या कुणाला तरी हात केला. त्याने पाहिलं नाही, पण मावशी हसली.

त्यानंतर पंधरवड्यातच ती गेली.

महेश, त्यांचा मुलगा, काकांना पुण्याला न्यायला आला होता. काकांनी नकार दिला. दोघांत शब्दाला शब्द झाला. "तिथे एसी आहे, बाबा," तो म्हणाला. काका म्हणाले, "हितं सावली हाय की." शेवटी एक बाई कामाला ठेवली आणि दुपारी मी जाते. जाते, पण बसवत नाही. भांडी उगाच परत विसळते, गादीची घडी नीट करते.

परवा मी स्वयंपाकघरात अशीच काहीतरी खुडबुड करत होते. छपरीची सावली पट्ट्यापट्ट्यांनी काकांच्या अंगावर पडली होती आणि ते बाहेर बघत होते. माझी चाहूल त्यांना लागली असावी. मान न वळवता म्हणाले, "झालं की आता समदं. ये, टेक जरा हितं, सुमन."

मी हात पुसले आणि त्यांच्या कॉटशेजारी जाऊन बसले.