भट्टीची खरी तारीख

कारखान्यांच्या धुराड्यांतला धूर मोजणं हे माझं काम. कोल्हापूरजवळच्या एका फौंड्रीत गेलो होतो, तेव्हा तो भेटला. भट्टीवरचा जुना कामगार. साठीला टेकलेला, भुवया जळालेल्या, आणि बोलता बोलता थंड भट्टीच्या पत्र्यावर बैलाच्या पाठीवर मारावी तशी थाप मारणारा.

नियमात एक तारीख ठरलेली असते. तिच्याआधी बसवलेल्या भट्टीला सवलत, नंतरच्या भट्टीला धूळ अडवणारं यंत्र सक्तीचं. "कागद पुरात गेले, पण भट्टी जुनीच आहे," मॅनेजर म्हणाले. मी सहज त्या कामगाराला विचारलं, ही भट्टी जुनीच का?

"न्हाय पावणं, जुनी भंगारात गेली. ही नातीच्या बारशादिवशी मीच पेटवली की. पोरगी आता दुसरीत हाय."

म्हणजे भट्टी जेमतेम सात वर्षांची, त्या तारखेनंतरची होती. मी तसं लिहून घेतलं आणि निघताना त्याला हळूच विचारलं, "आता नोकरीचं काय?"

त्यानं कुंपणापलीकडच्या दोरीवरचं लुगडं दाखवलं. "आमच्या कारभारणीचं हाय. सकाळी धुतलं की सांजंपतोर काळं हुतंय. तिला काय तारीख सांगू?"

वर्षभरानं परत गेलो. यंत्र बसलं होतं. त्याला मात्र भट्टीवरून काढून फाटकावर बसवलं होतं. माझ्यामुळं झालं, असं मी म्हणालो.

"भट्टीची सय येती की," तो म्हणाला, आणि स्वतःची खुर्ची सावलीत ओढून त्यानं मला बसायला दिली.