बिनतारखेचा राजीनामा
स्टॅम्पपॅडच्या शाईचा वास आला की सटाण्याकडच्या त्या हायस्कूलचं ऑफिस आठवतं. नोकरीवर घेतानाच संस्थेने माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला होता, तारीख न घालता. सगळ्याच मास्तरांकडून घ्यायचे. आठ वर्षं तो कपाटात पडून होता. आणीबाणी उठली त्या वर्षी चेअरमनच्या पुतण्याला मी मराठीत नापास केलं. निकालानंतर चौथ्या दिवशी ऑफिसात बोलावणं आलं. खिडकीतून कांद्याच्या ट्रॅक्टरांची धूळ आत येत होती. हेडक्लार्कने तो पिवळा पडलेला कागद पुढे सरकवला. खाली बघत म्हणाला, "सर, तारीख तुम्हीच टाका. माझा हात नाय धजत." अर्जलेखनात तारीख विसरणाऱ्याचा मी दरवर्षी एक गुण कापायचो. उजव्या कोपऱ्यात मी सुवाच्य अक्षरात तारीख घातली. आता सत्तरी उलटली, तरी कुठल्याही कागदावर मी सहीच्या आधी तारीख टाकतो.