नखाएवढी सावली

जालन्याहून सकाळची एसटी सुटली तेव्हा माझ्या पिशवीत आक्कासाठी कैऱ्या होत्या आणि वर ओळंबा (भिंत सरळ आहे का ते पाहायचं, दोरीला बांधलेलं वजन). त्या दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येणार आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होणार, असं कॉलेजात सांगितलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आक्काचं दहावीनंतर लग्न झालं. हे तिला दाखवावं, एवढ्यासाठीच निघालो होतो.

घनसावंगीला शेजारच्या सीटवरच्या काकांनी ओळंबा पाहिला.

"मिस्त्री हैस का रे?"

"नाही काका. आज सावली गायब होणार, ते बघायला."

"या रस्त्यानं कव्हाच झाली. समदी कडूलिंबं तोडली की!"

कुंभार पिंपळगावला उतरलो तर डांबर चपलेला चिकटत होतं. आक्कानं भाकरी-ठेचा वाढला; माझं लक्ष घड्याळाकडे. तिनं गल्लीभर सांगून ठेवलं होतं, माझा भाऊ सावली गायब करून दाखवणार. गच्चीवर तिच्या सासूबाई आणि शेजारच्या शबानाभाभी येऊन उभ्या होत्या. मी कमरेएवढा पाइप ओळंबा लावून उभा केला. सावली आखडत गेली, पण दक्षिणेला नखाएवढी उरली ती उरलीच.

"हाये की अजून! पाव्हणं, कालेजात हेच शिकिवत्यात व्हय?" सासूबाई म्हणाल्या.

"भैया, जल्दी करा, पाय जळून राह्यले," शबानाभाभी हसल्या.

आक्का पुढे झाली आणि पाइपाला लागून तिनं अनवाणी पाऊल ठेवलं. "ही बघा, गेली. बिलकुल न्हाई."

सगळ्या हसत खाली उतरल्या. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, सांगितलेला दिवस जालन्याचा होता. हे गाव जालन्याच्या दक्षिणेला. उत्तरेकडे सरकणारा सूर्य इथून दोन दिवस आधीच पुढे गेला होता. स्टँडवर आक्काला खरं सांगितलं.

"म्हंजी परवाच गायब झाली व्हती?"

"हो."

"परवा दुपारी मी त्याच गच्चीवर कुरडया घालून राह्यल्ते. मान खालीच व्हती की रे माझी. तरी सावली जाताना दिसली न्हाई."

परतीच्या एसटीत खिडकीतून ऊन मांडीवर येत होतं. जुलैअखेर दक्षिणेकडे परतताना सूर्य पुन्हा तिच्या गावावरून जाईल, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं आणि ती कापसाच्या खुरपणीत. मी कॉलेजात तिच्या गावचा दिवस नीट विचारून आधी नुसता फोन केला असता, तरी तिनं ते एकटीनं पाहिलं असतं. मी यायची काही गरज नव्हती.