कोल्हापूरच्या लॉजवर अडलेलं पाणी

साताऱ्याहून कोल्हापूरची एसटी पकडली तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि नळ्या जास्त होत्या. आतड्याच्या कर्करोगाचं ऑपरेशन झाल्यापासून माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला स्टोमा (शौचासाठी केलेलं तोंड) आहे. दिवसाआड सकाळी त्यातून कोमट पाणी आत सोडलं की तासाभरात पोट मोकळं होतं. मग पुढच्या पाण्यापर्यंत पोटावर मळ गोळा करणारी मोठी पिशवी लावावी लागत नाही. याच जोरावर मी हंपी पाहिली, कोकण पालथं घातलं.

स्टँडजवळच्या लॉजवर मुल्लाणी नावाचे मालक होते. कमोडशेजारी खुंटी असलेली खोली मागितली.

"खुंटी कशाला? कपडे वाळत घालाय गॅलरी हाय की, पावणं!"

खरं ते सांगितलं. ते उठले, हातोडी घेऊन आले. "पाण्याची पिशवी बसल्यावर खांद्याला यायला पायजे, व्हय ना? बसा बघू." मी बसलो. त्यांनी माप घेऊन खिळा ठोकला.

सकाळी पाणी टांगलं, नळीच्या टोकाचा शंकूसारखा कोन स्टोमाला लावला, चावी उघडली. पाणी आत जाईना. कडेनं परत येऊ लागलं. स्टोमाशेजारी दोन महिन्यांपासून फुगवटा होता. उभं राहिलं की दिसे, आडवं झालं की जाई. बायकोलाही सांगितलं नव्हतं. मी कोन जरा दाबला. थोडं पाणी आत गेलं आणि पोटात कळ आली. चावी बंद केली. तासभर बसूनही काही बाहेर आलं नाही, तेव्हा मोठी पिशवी चिकटवून मिसळ खायला गेलो. तिथे कट वाढून घेत असताना सगळं पाणी एकदम आलं. फुगवट्यावर पिशवीची कड नीट बसली नव्हती. सदरा भिजला. मिसळ तशीच टाकून परतलो.

मुल्लाणींनी भिजलेला सदरा पाहिला. मी कपडे बदलून येताच स्कूटर काढली आणि दवाखान्यात नेलं.

तिथल्या स्टोमा-सिस्टरने मला उभं करून खोकायला लावलं, फुगवट्यावर हात ठेवला. "हर्निया हाय काका. आतडं वाकडं झाल्यावर पाणी जाणार कसं? जोर लावलासा का?"

"थोडा."

"परत लावायचा न्हाय. आतडं फाटतंय. कधीपासनं हाय हे?"

"दोन महिने."

"आन् कुणाला सांगितलं न्हाईसा?"

सांगितलं असतं तर पाणी बंद झालं असतं आणि माझ्या हिशेबी प्रवासही.

सर्जननी तपासलं. ऑपरेशन लगेच नको, पण ते सांगेपर्यंत पाणी सोडणं बंद. सिस्टरने मला आडवं करून फुगवट्याला आधार देणाऱ्या पट्ट्याचं माप घेऊन तो पोटाला बांधला, फुगवट्यावर बसेल अशी मऊ पिशवी लावून दिली. "फुगवटा कडक झाला, दुखाय लागलं, उलटी झाली, की थेट दवाखाना. मधी कुठं थांबायचं न्हाय."

दुसऱ्या दिवशी नृसिंहवाडीला गेलो. दत्ताचं दर्शन घेतलं, कवठाची बर्फी घेतली, घाटाच्या पायऱ्यांवर तासभर बसलो. पिशवी एकदा सार्वजनिक शौचालयात रिकामी करावी लागली. बाहेर रांग होती. चार-पाच मिनिटं लागली, कुणी वळूनही पाहिलं नाही.

संध्याकाळी साताऱ्याला पोचलो. ज्या गोष्टीला दोन महिने भ्यालो ती घडून गेली होती, आणि तिच्यासकट मी एक गाव पाहून आलो होतो. घरातल्या माणसापासून लपवलेलं परगावी सांगून आलो, याची मात्र लाज वाटली.

"काय काय पाहिलंत?" बायकोने विचारलं.

बर्फीचा पुडा तिच्या हातात दिला, पट्टा सोडला आणि सदरा वर केला. "आधी हे बघ," म्हणालो.