जरा जास्तच सक्षम बायका

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी लागली की वकिलाने जरा पाय पसरावेत अशी रीत आहे. माझ्याकडे मात्र तेव्हा लॉ कॉलेजची पोरं येतात. मुंबईतल्या एका फंडाचं कोल्हापुरातलं कागदपत्रांचं काम मी बघते आणि त्यांचे उन्हाळी इंटर्न माझ्याच ऑफिसात येऊन बसतात. पोरं सर्टिफिकेट घेऊन जातात, किस्से माझ्याकडे राहतात. आता ते इतके साठलेत की लग्नाच्या पंगतीत लोक माझ्या शेजारची जागा धरून ठेवतात. म्हटलं, निदान यंदाचे तरी लिहून टाकावेत.

फंडाचं नाव सांगणार नाही. काम अजून माझ्याकडेच आहे!

*

हा फंड 'इम्पॅक्ट इन्व्हेस्टिंग' करतो. म्हणजे अशा धंद्यात पैसे घालायचे, ज्यातून समाजाचं भलं होईल आणि आपल्यालाही नफा सुटेल. पुण्याहून आलेल्या विहानने पहिल्याच दिवशी हे माझ्या सासऱ्यांना अर्धा तास समजावलं. लॅपटॉपवर स्लाइड्स दाखवून!

सासरे जन्मभर ऊस पिकवणारे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे साखर कारखाना की!"

"नाही आजोबा, ही एकदम नवीन कल्पना आहे."

"व्हय व्हय. आमालाबी तवा असंच सांगिटलं होतं."

*

यंदाचं मोठं काम होतं बिद्रीच्या बाजूच्या एका गावातलं. तिथल्या बारा बायका मिळून कांदा-लसूण मसाला करतात. शालनअक्का त्यांच्या म्होरक्या. त्यांना स्वतःचं मिरची कांडप यंत्र हवं होतं आणि तेही पावसाच्या आत. वर्षभराच्या मिरच्या घेऊन, वाळवून पोती अक्कांच्या घरात रचून ठेवली होती. एकदा हवा दमट झाली की मिरची सादळते, बुरशी धरते आणि बारा घरांचं वर्ष वाया जातं. गावातल्या दुसऱ्याच्या यंत्रावर यांचा नंबर लागेपर्यंत आषाढ उजाडला असता.

अशा घाईच्या कामाला विहानने सुरुवात कशाने करावी? गुप्ततेच्या कराराने! नऊ पानी. मसाल्याची कृती कुणीही कुणालाही सांगायची नाही. अक्कांनी मला वाचायला लावलं, खूश झाल्या आणि सही ठोकली.

मग विहानने फंडाचा फॉर्म काढला. पहिलाच प्रश्न, 'उत्पादनाची कृती सविस्तर सांगा.'

"न्हाय सांगणार," अक्का म्हणाल्या. "सही केल्या."

"पण अक्का, आम्हाला सांगायला चालतं!"

"कुटं लिवलंय तसं?"

विहानने नऊ पानं दोनदा चाळली. फंडाला वगळायचं तो विसरला होता. त्या प्रश्नापुढे शेवटी आम्ही 'चवदार' असं लिहिलं.

*

मधे एक दिवस शिरोली एमआयडीसीत गेलो. तिथल्या एका फाउंड्रीवाल्यालाही या फंडाचे पैसे हवे होते. विहानने विचारलं, "तुमचा सोशल इम्पॅक्ट काय?"

"माझ्या भट्टीवर शंभर घरं जेवत्यात."

"पण समजा, तुमची भट्टी नसती, तर?"

मालक प्रामाणिक माणूस. त्याने जरा विचार केला. "मग शेजारच्या भट्टीवर जेवली असती."

विहानने तिथल्या तिथे लिहिलं, 'इम्पॅक्ट: शून्य.'

मालकाने वहीत डोकावून पाहिलं, मग माझ्याकडे वळला. "वकीलबाई, पोरगं लई खरं बोलतंय. ह्येचा वकील कसा व्हायचा?"

*

दुसरी इंटर्न ईश्वरी, मुंबईची. पोरगी हुशार आणि मनाने फार चांगली, पण बोलायची ते फंडाच्या भाषेत. तिने अक्कांना विचारलं, "पाच वर्षांनंतर एक्झिटचं काय ठरवलंय?"

"मी? मी कुटं जाऊ? चाळीस वर्सं झाली ह्या घरात येऊन."

"तुमची नाही अक्का, आमची. पाच वर्षांनी फंड आपले पैसे काढून बाहेर पडतो."

अक्का तिच्याकडे मायेने बघत राहिल्या. "पाच वर्सांनी जायाचंच हाय व्हय? मग आत्ता कशाला आलासा गं? चा पिऊन जावा की."

*

आता खरा घोळ ऐका. पैसे घालण्याआधी या बायका किती दुबळ्या आहेत ते मोजायचं आणि पैसे घातल्यावर किती सक्षम झाल्या ते मोजायचं. मधला फरक म्हणजे फंडाचं पुण्य! पहिली मोजणी ईश्वरीकडे होती. ती दोन दिवस दारोदार फिरली.

"घरातले निर्णय कोण घेतं?"

"मीच की. दुसरं हाय कोण?" हौसाक्का म्हणाल्या.

पुढच्या घरी, "बाहेर जाताना नवऱ्याला विचारावं लागतं?"

"त्योच मला इचारून जातोय!"

बाराही जणींची हीच तऱ्हा. ईश्वरीने मोठ्या अभिमानाने रिपोर्ट पाठवला. दुसऱ्या दिवशी मुंबईहून पैसे मंजूर करणाऱ्या कमिटीच्या मोठ्या सरांचा फोन. या बायका आधीच इतक्या सक्षम असतील, तर आमचे पैसे घेऊन आणखी काय होणार? वाढायला जागाच नाही! प्रस्ताव बाजूला ठेवला.

ईश्वरी माझ्यासमोर बसून ढसाढसा रडली. "मॅडम, मी खरं लिहिलं म्हणून त्यांचं यंत्र गेलं!" मला तिची कीव आली आणि त्या सरांचा असा संताप आला की काय सांगू. बाहेर बघावं, तर गगनबावड्याकडून ढग यायला लागलेले. मी फोनवर भांडभांड भांडले आणि व्हिडिओ कॉलवर एक शेवटची मीटिंग मागून घेतली.

*

मीटिंग अक्कांच्या घरी झाली. बाहेरच्या सोप्यात स्टुलावर लॅपटॉप, समोर बाराही जणी दाटीवाटीने बसलेल्या. पडद्यावर सर. गोड बोलणारे गृहस्थ.

"ताई, तुमचं काम उत्तमच आहे. पण कमिटीला गरज दिसायला हवी. तुमचा स्ट्रगल दिसत नाही हो."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे रडाय पायजे?"

सर म्हणाले, "अगदी तसंच नाही... पण मनातलं बाहेर आलं, तर कमिटीला निर्णय घ्यायला सोपं जाईल."

अक्का मागे वळल्या. "पोरींनो, सायेब म्हणत्यात, रडा!"

आणि बारा बायकांनी असा गळा काढला की शेजारीपाजारी 'काय झालं, काय झालं' करत धावत आले. विहानच्या हातातला पेन खाली पडला. पडद्यावर सरांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाले, "अप्रूव्ह्ड."

ईश्वरीने कॉल बंद केला.

"बास गं!" अक्का म्हणाल्या. "झालं मंजूर."

सगळ्या एका दमात थांबल्या. कुणी पदराने तोंड पुसलं, कुणी हसायला लागली, कुणी चहाचं आधण ठेवायला उठली. भिंतीकडेला हौसाक्का तेवढ्या पदरात तोंड घालून रडतच होत्या.

अक्कांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "अगं हौसा, मिळालं यंत्र. थांब की आता."

हौसाक्कांनी मान हलवली.

"तुमी व्हा फुडं. माझं जरा बाकी हाय."