कपाटातला पंप

गिरगावातल्या आमच्या इंग्रजी शाळेत पदार्थविज्ञानाची साधने होती, हे मी शपथेवर सांगेन. कपाटाच्या काचेतून ती रोज दिसत. हवा उपसायचा पितळी पंप, त्यावर ठेवायचे काचेचे झाकण आणि चावी दिली की वाजणारी घंटी. कपाटाची किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला असे. मोडले तर विलायतेहून पुन्हा कधी येणार, ही त्यांची धास्ती.

पुस्तकही वर्गावरच्या मास्तरांपुरते एकच. ते इंग्रजीत उत्तर सांगत, आम्ही उतरवून घेत असू. "आम्ही घंटी झाकणाखाली ठेवली, हवा काढली, आणि आवाज ऐकू येईनासा झाला," असे ते सांगत असताना बाहेरून घोड्यांची ट्राम खडखडत गेली. "ती खिडकी लावून घ्या," मास्तर त्याच इंग्रजीत, त्याच सुरात म्हणाले. आम्ही तेही उतरवले आणि इमानाने पाठ केले.

वार्षिक परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. उत्तरे तपासून बाहेरचे परीक्षक वर्गात आले. लाल पगडीचे, हळू बोलणारे गृहस्थ.

"सगळ्यांनी घंटी वाजवली, सगळ्यांनी खिडकी लावली," ते म्हणाले. "कोणी कोणाचं पाहून लिहिलं?"

परीक्षकांनी माझ्या शेजारच्या मुलाकडे बोट केले. "एवढ्या याच्याच उत्तरात खिडकी नाही. हा स्वतःच्या डोक्याने लिहितो."

हा माझा ठाकूरद्वारचा मित्र. त्याने माझेच पाहून लिहिले होते. तो खिडकीपर्यंत पोचायच्या आत मी पान उलटले, एवढेच. त्याने विनयाने मान खाली घातली.

मास्तरांचा चेहरा उतरला. "साहेब, मीच तसं सांगितलं होतं," ते पुटपुटले.

"मग प्रयोगच करून पाहू."

हेडमास्तरांनी नाइलाजाने कपाट उघडले. शिपायाने घंटीला चावी देऊन ती झाकणाखाली ठेवली आणि पंपाचा दांडा ओढला. आतले चामडे कधीच सुकून गेले होते. हवा जागची हलली नाही. झाकणाखाली घंटी खणखणत राहिली.

"काय ऐकू येतं?" परीक्षकांनी पहिल्या बाकाला विचारले.

"काही नाही, साहेब."

एकामागून एक सगळ्यांनी तेच सांगितले. मीही सांगितले, आणि त्या क्षणी मला ते खरेच वाटत होते. माझ्या मित्राचे काहीच पाठ नव्हते.

"घंटी, साहेब," तो म्हणाला.

परीक्षक खूश झाले. आमच्यावरचा नकलेचा आळ त्यांनी मागे घेतला; इतक्या पक्क्या पाठांतराला नकलेची गरज नाही, असे त्यांचे मत पडले. मित्राला निरीक्षणशक्तीबद्दल पदार्थविज्ञानाचे पुस्तक बक्षीस मिळाले.

चार दिवसांनी आम्ही दोघेतिघे ते वाचायला मागायला त्याच्या वाडीत गेलो. त्याच्या आईने ते देवांजवळ ठेवून वर हळदकुंकू वाहिले होते.

"बाळांनो, अजून त्यानंसुद्धा उघडलं नाही," ती म्हणाली, "तुम्हाला कसं देऊ?"

मग तिने आमच्या हातावर एकेक बेसनाचा लाडू ठेवला.